स्ट्रट बारचं दुकान काढायचंय? आधी टायरची हवा तपासा



आजचा लेख म्हणजे थोडीफार माझी कबुली आहे. दीड वर्षापूर्वी एका व्हिडिओत मी सांगितलं होतं की सगळे करतात तो धंदा करू नका, तालुक्यात कोणीच करत नाही अशी एक गोष्ट पकडा. व्हिडिओ चांगला चालला. तो बघून कडावचा एक मुलगा मला भेटायला आला. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेला, चार वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हात काळे केलेले, वय पंचवीसच्या आसपास. म्हणाला, "सर, मला सापडलं. कर्जत-खालापुरात कोणीच करत नाही."

काय सापडलं होतं? स्ट्रट बार. गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनावरून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवा गेलेला लाल किंवा निळा पाइप दिसतो ना, तो. त्याचे भाऊबंदही आहेत. खालून लोअर आर्मच्या जागा जोडणारा बार, मागच्या टॉवरचा बार, फेंडरच्या आतल्या पट्ट्या. या सगळ्यांना मिळून चेसिस ब्रेस म्हणतात. गाडीची बॉडी कडक होते आणि वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जाते, हा दावा.

पोराचा प्लॅन तयार होता. कडावला रस्त्याला लागून मामाची शेड. माल भरायला तीन लाख. आणि तीन लाख कुठून, तर आईच्या पाटल्या सोनेतारण ठेवून. आई तयार होती. तीन बार तर त्याने आधीच स्वतःच्या पैशातून घेतले होते, एक स्वतःच्या स्विफ्टला लावायला आणि दोन विकायला.

मी त्याला म्हटलं, "थांब. पाटल्यांना हात लावू नकोस. मला आधी हा बार समजावून सांग."

तुम्हालाही तेच म्हणेन. तुम्ही जे विकणार आहात ते नेमकं काय काम करतं, हे तुम्हाला स्वतःला कळलंय का? माहितीपत्रकातलं पाठ करणं वेगळं आणि कळणं वेगळं.

चला, सोप्या भाषेत बघू. सुतार दाराची चौकट बनवतो तेव्हा ती बसवेपर्यंत कोपऱ्याला एक तिरकी पट्टी ठोकून ठेवतो. का? चार लाकडं खिळ्यांनी जोडली तरी उचलताना चौकट कलते, काटकोन जातो. पट्टीने तो कलायचं थांबतो. गाडीच्या बॉडीचंही असंच आहे. आजकालच्या छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हीच चेसिस. पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांत आली, आणि आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली तिच्यामुळे गावोगावच्या गॅरेजवाल्यांच्या हाताखाली आली. यात स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच उभे असतात आणि वरचं टोक थेट बॉडीच्या टॉवरला जाऊन भिडतं. गाडी जोरात वळली की रस्त्याचा आडवा जोर चाकातून त्या टॉवरच्या डोक्यापर्यंत जातो. टॉवरचा पत्रा अगदी किंचित हलतो. तो हलला की चाकाचा कोन किंचित बदलतो, टायर रस्त्यावर जसा बसायला हवा तसा बसत नाही. दोन्ही टॉवर एका ताठ दांड्याने एकमेकांना बांधले की हे हलणं कमी होतं. बस, इतकंच आहे. थोतांड नाही. काही कंपन्या आपल्या जोरकस मॉडेलना असे बार कारखान्यातूनच लावून देतात.

आता धंद्याच्या दृष्टीने पुढचा प्रश्न विचारा. किती हलतं? कोणत्या गाडीत? किती वेगाला?

इथे पोराची गाडी अडली. आणि खरं सांगू, सगळ्यांचीच अडते, कारण विकणारे "जबरदस्त फरक" याच्यापुढे जात नाहीत. बॉडीचा पीळ मोजायचं माप असतं. गाडीची मागची बाजू पकडून ठेवायची, पुढून पीळ द्यायचा, आणि एक अंश वळायला किती न्यूटन मीटर जोर लागला ते बघायचं. जुन्या हलक्या गाड्यांत हा आकडा कमी असायचा. नव्या गाड्यांचे सांगाडे कॉम्प्युटरवर तपासून बांधलेले असतात, जोडही चांगले असतात. (एनकॅपचे तारे म्हणजे हे नव्हे हं. टक्कर झाल्यावर माणूस किती वाचतो ते तारे सांगतात. वळणावर बॉडी किती पिळते ती वेगळी गोष्ट. दुकानदार दोन्हींची भेळ करतात.) म्हणून वीस वर्षं जुन्या हॅचबॅकला बारने जो फरक पडेल तो दोन वर्षांच्या गाडीला पडेलच असं नाही. ज्या गाडीत वरचा जोर टॉवरवर येतच नाही, म्हणजे पुढे डबल विशबोन असलेल्या बऱ्याच गाड्यांत, तिथे हा फरक आणखी कमी. आणि बोलेरोसारख्या खाली वेगळी जाड चौकट असलेल्या गाडीचं गणितच वेगळं. कडाव-कशेळे रस्त्यावर तासभर उभे राहा आणि मोजा, तुमच्यासमोरून जाणाऱ्या किती गाड्या तुमच्या ग्राहक आहेत ते.

कडक म्हणजे चांगलं, हेही सरसकट खरं नाही. गो-कार्ट बघितलीय? कोल्हापूरला ट्रॅक आहे, कधी गेलात तर खाली वाकून बघा. गो-कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. वळताना तिची पाइपची चौकट मुद्दाम वाकते, आतलं मागचं चाक उचललं जातं, म्हणून ती वळते. ती चौकट तुम्ही आडव्या बारने बांधून टाकली तर गाडी सरळच पळत राहील. म्हणजे किती कडक हवं हे गाडी आणि काम बघून ठरतं. डॉक्टर सगळ्यांना एकच गोळी देत नाही.

बरं, मग आम्ही एक प्रयोग केला. माझ्या मते या लेखातला सगळ्यात उपयोगाचा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पोराची स्विफ्ट, २०१४ ची. तिला त्याने बार लावलेला. तो शपथेवर सांगत होता की कडावहून कशेळ्याकडे जाताना गाडी "रुळावर गेल्यासारखी" जाते. मी म्हटलं, ठीक. एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, त्याचे तीन मित्र बोलावले. तिघांनाही रोज गाडी चालवायची सवय. नियम असा की बॉनेट बंद, आणि आत बार आहे की नाही हे फक्त मला आणि त्याला माहीत. एकेकाने तोच पट्टा, तोच वेग, चार वेळा चालवायचा. मध्ये आम्ही कधी बार काढायचो, कधी लावायचो, कधी नुसतं बॉनेट उघडून खुडबुड करायचो आणि बंद करायचो. प्रत्येकाने कागदावर लिहायचं, बार आहे की नाही. वेग अर्थातच कायद्यात बसेल एवढा, रस्ता गावाचा आहे, रेसचा ट्रॅक नाही.

तिघांची मिळून बारा उत्तरं. त्यातली सात बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी सहा आली असती.

मग मी चारही टायरची हवा तपासली. पुढच्या डाव्या चाकात दारावरच्या स्टिकरपेक्षा सात पाउंड कमी. गॅरेजवाल्याच्या स्वतःच्या गाडीत, बरं का! हवा भरली, परत पाठवलं. तिघांनीही न विचारता सांगितलं, "आता काय केलंत? स्टिअरिंग हलकं झालं, गाडी सरळ जातेय." पोरगं बराच वेळ काही बोललंच नाही. मग स्वतःहून गाडी जॅकवर घेतली, खाली शिरलं आणि लोअर आर्मचा बुश दाखवला. रबर फाटून लोंबत होतं.

लक्षात घ्या, टॉवर हलतो तो मिलिमीटरच्या हिशेबात. फाटलेल्या बुशमधून चाक त्याच्या कितीतरी पट हलतं. खाली एवढी गळती असताना वर आठ हजारांचा पाइप बांधणं म्हणजे कौलं फुटलेली असताना भिंतीला डिस्टेंपर मारणं. आणि आपल्या भागात बुश, बॉल जॉइंट, शॉकअप यांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर कर्जत-खालापुरात पाऊस कोसळतो, खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि त्याच दिवसांत मुंबईची गर्दी धबधब्यांसाठी इथेच येते. सोमवारी ती माणसं मुंबईत आपल्या गॅरेजवाल्याला सांगतात, "गाडी डगमगते."

एका प्रयोगाने बार खोटा ठरत नाही, हेही सांगतो. बोरघाटातल्या वळणांवर, चांगले टायर, नवे बुश, नवे शॉकअप असलेल्या जुन्या गाडीत, जोरात पण हाताशी चालवणाऱ्याला कदाचित फरक कळेल. माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी हवा, मग टायर, मग बुश आणि जॉइंट, मग शॉकअप, मग अलाइनमेंट. हे सगळं जागेवर असलं आणि गाडीवाल्याची भूक तरी उरली, तर बार. म्हणजे बार सहाव्या नंबरवर आला. सहाव्या नंबरच्या वस्तूवर दुकान उघडायचं का?

नेरळ-माथेरान घाटातले टॅक्सीवाले आठवा. नेरळहून दस्तुरीपर्यंतचा तो चढ आणि तीव्र वळणं. आधी ओम्नी होत्या, आता ईको. दिवसाला कितीतरी फेऱ्या, माणसं भरून. महाराष्ट्रात वळणावर गाडी कशी वागते हे कोणाला पोटासाठी कळत असेल तर या लोकांना. त्यांच्याशी बोला. ते टायरबद्दल बोलतील, ब्रेकबद्दल बोलतील, पावसात कुठल्या वळणावर गियर कोणता ते सांगतील. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या एकानेही बारचं नाव काढलं नाही. एक जण म्हणाला, "दादा, तेवढ्यात दोन टायर येतात." बाजाराची पाहणी करायला याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. चहा पाजा आणि ऐका.

आता पैशाकडे येऊ. पोराचेच आकडे घेतो, तुम्ही तुमचे टाका.

एक बार सरासरी सहा हजाराला पडतो, आठ हजाराला विकतो, लावायचे पाचशे घेतो. हातात अडीच हजार. शेडचं भाडं पाच हजार (मामा असला तरी भाडं धराच, मामा आज गोड आहे), लाइट आणि फोन दोन हजार, स्वतःचा पगार पंधरा हजार, तीन लाखांच्या सोनेतारणाचं व्याज बारा टक्क्यांनी महिन्याला तीन हजार. झाले पंचवीस हजार. म्हणजे महिन्याला दहा बार विकले की तुम्ही शून्यावर. मुद्दल तसंच, पाटल्या तिथेच. वर्षाला एकशे वीस गाड्या. आणि गंमत बघा, बार हा आयुष्यात एकदाच विकला जातो. तो झिजत नाही. ज्याला विकला तो परत येत नाही. दरवर्षी नवीन एकशे वीस वेडे शोधायचे.

याहून मोठी अडचण मालाची आहे. स्ट्रट बार प्रत्येक गाडीचा वेगळा. आणि "स्विफ्टचा बार" असं काही नसतं. २००५ ची स्विफ्ट वेगळी, २०११ ची वेगळी, २०१८ ची वेगळी, २०२४ ची वेगळी. आय-ट्वेंटीचं तेच, २००८, २०१४, २०२०. फोक्सवॅगन पोलो बघा. चाकणला बनायची, तिच्यावर जीव टाकणारी पोरं सगळ्यात जास्त, सामानाला मागणी भरपूर. २०२२ ला ती भारतात बनायची थांबली. रस्त्यावर आहेत अजून, पण दरवर्षी कमीच होणार. तुम्ही आज तीन लाखांचा माल भिंतीवर टांगला तर त्यातला कोणता तीन वर्षांनी मढं होऊन पडेल ते कंपनीच्या बोर्डरूममध्ये ठरतं, कडावला नाही. किराणावाला उरलेली डाळ घरी खाऊ शकतो. तुम्ही या पाइपाला काय कराल, वेल चढवाल?

मग काही हुशार मित्र म्हणतात, विकत कशाला घ्यायचा, बनवू. ग्रिल-गेटवाल्याकडे पाइप आहे, वेल्डिंग आहे, दोन पट्ट्या भोक पाडून वेल्ड केल्या की झालं, हजारात काम. या विचाराला माझा ठाम नकार आहे. एक तर पाइप आणि पट्टीच्या जोडालाच सगळा जोर येतो, आणि बाजारातल्या स्वस्त बारांचीही तिथेच बोंब असते. बिजागरीसारखा बोल्ट असलेला बार दिसायला जाड, पण जोडात ढिला, म्हणजे कामाच्या नावाने शून्य. चमकतं म्हणून ॲल्युमिनियम भारी, हाही समज सोडा. तेवढ्याच मापात पोलाद त्याच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. पण खरी भीती दुसरीच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूने नुकसान झालं तर बनवणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे, आणि विकणारा व सेवा देणाराही त्यातून आपोआप सुटत नाही. बार बनवला त्या दिवशी तुम्ही मेकॅनिक राहिला नाहीत, उत्पादक झालात. चाचणी नाही, मापं नाहीत, विमा नाही. एका अपघातात वकील विचारेल, "हा कोणी बनवला?"

कायद्याचं आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भोक न पाडता, वेल्डिंग न करता, मूळ नटांवर बसणारा बार आरसीवरच्या कुठल्याही तपशिलाला हात लावत नाही, त्यामुळे तो यात येऊ नये असं माझं वाचन आहे. पण माझं वाचन म्हणजे आरटीओचं मत नव्हे. आपल्या आरटीओत लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा. ग्राहकाला विमा कंपनीला कळवायला सांगा आणि तसं बिलावर लिहा. वॉरंटीतली गाडी असेल तर दोनदा विचार करायला सांगा. टॉवरला वेल्डिंग किंवा चेसिसला कापाकापी, याला मात्र कितीही पैसे मिळाले तरी नाही म्हणा.

हे उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. पुढच्या लोखंडी गार्डचं काय झालं आठवतंय? जीप असो की स्कॉर्पिओ, पुढे जाड गार्ड हवाच, अशी फॅशन होती. ॲक्सेसरीजवाल्यांनी दुकानं भरून ठेवली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की हे गार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा. गार्ड लावलेला असला की टक्कर झाल्यावर जोर थेट बॉडीला जातो, पादचाऱ्यालाही जास्त लागतं, ही कारणं. एका पत्राने भरलेल्या दुकानाची किंमत भंगाराच्या भावावर येऊ शकते. एकाच वस्तूवर उभ्या असलेल्या प्रत्येक धंद्याला हा धोका आहे.

मग पोराने काय करावं? त्याच्याकडे खरा माल होता, पण तो त्याला माल वाटत नव्हता. खाली शिरून तीस सेकंदात फाटका बुश ओळखणारी नजर, तो माल. गाडी डगमगते म्हणून आलेला माणूस चार ठिकाणी फिरतो. एक टायर बदलायला सांगतो, दुसरा शॉकअप, तिसरा म्हणतो रस्ताच खराब आहे. नेमकं काय बिघडलंय हे पैसे घेऊन, कागदावर, खरं सांगणारा माणूस त्याला मिळत नाही. तालुक्यात कोणीच करत नाही अशी गोष्ट खरं तर हीच आहे!

तीनशे रुपयात तपासणी. चार टायरची हवा आणि नक्षीची खोली मोजायची, चारही कोपऱ्यांचे बुश आणि जॉइंट पहारीने हलवून बघायचे, शॉकअपला तेल सुटलंय का बघायचं, मालकाला शेजारी बसवून दोन किलोमीटर चक्कर मारायची, आणि सगळं एका कागदावर लिहून द्यायचं. आज करा, तीन महिन्यांनी करा, काहीच करू नका, अशा तीन रकान्यांत. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात काहीतरी लिहिलेलं असेल तरच माणूस पहिल्या रकान्यावर विश्वास ठेवतो.

याला काय लागतं? चांगला गेज, खोली मोजायचं माप, दोन जॅक, चार मजबूत स्टँड, पहार, टॉर्क रेंच. शिशू मुद्रा कर्जाची मर्यादा पन्नास हजारांची आहे, त्यात मावतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. अलाइनमेंटचं थ्रीडी मशीन लाखांत जातं, ते आत्ता नको. ते काम मशीन असलेल्याकडे पाठवा आणि आपलं ठरलेलं कमिशन घ्या. आणि हिशेब ठेवा. फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा चाळीस लाख आहे, पण तुम्ही सेवाही देताय म्हणून तुमची वीस लाख. बरेच गॅरेजवाले चाळीस धरून चालतात आणि मग नोटीस येते.

आकडे परत मांडू. महिन्याला चाळीस तपासण्या, बारा हजार. त्यातल्या पंधरा गाड्यांचं काम तुमच्याकडेच झालं, मजुरी सरासरी हजार, पंधरा हजार. झाले सत्तावीस. खर्च बावीस, कारण सोनेतारणाचं व्याज नाही. (मुद्राचा हप्ता यातूनच जाईल, तो विसरू नका.) शिल्लक फार नाही, मान्य. पण हीच गाडी सहा महिन्यांनी परत येते. मुंबईवाल्या फार्महाऊसच्या माळ्याला तुमचा नंबर माहीत असतो. शाळेच्या व्हॅनवाल्याला माहीत असतो.

आणि बार? बारही विका की. ऑर्डर आणि ॲडव्हान्स आल्यावर मागवा, भिंतीवर एकही टांगू नका. तपासणीत गाडी पास झाली असेल तरच लावा. लावताना गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं खाली टेकलेली, नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच, आणि टॉवरच्या मधल्या नटाला हात लावायचा नाही, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. ग्राहकाला तोटेही सांगा. एका बाजूने जोरात ठोकर बसली तर धक्का बारमधून दुसऱ्या टॉवरपर्यंत जाऊ शकतो, डेंटिंगचं बिल वाढू शकतं. मागचा बार लावला तर गणपतीला गावी जाताना डिकीत पेटी आडवी बसणार नाही आणि घरात कोणाचं ऐकावं लागेल ते त्याने ठरवावं. कोणी म्हणालं की मला फक्त बॉनेट उघडल्यावर लाल पाइप दिसायला हवा, तर जरूर लावा, हौसेला मोल नाही. पण बिल हौसेचं द्या. "हँडलिंग सुधारलं" असं त्यावर लिहू नका.

काही जण म्हणतील, सर, तुम्हीच म्हणाला होतात, वेगळं काहीतरी पकडा. म्हणालो होतो. माझं अर्धवट होतं ते. वेगळी वस्तू पकडा असं लोकांनी ऐकलं, आणि तसं ऐकलं जाईल असंच मी बोललो होतो. तो व्हिडिओ काढून टाकलेला नाही, त्याच्या खाली या लेखाची लिंक देतोय.

पाटल्या आईच्या हातात आहेत. शेडवर बोर्ड लागलाय, "गाडी डगमगते? तपासणी ३०० रुपये". पहिल्या महिन्यात अकरा गाड्या आल्या, चाळीस नाही. दुसऱ्या महिन्यात एकोणीस. अजून त्याला गॅरेजमध्ये अर्धा दिवस नोकरी करावी लागते आणि ती त्याने सोडू नये असं मी सांगितलंय. विकायला घेतलेल्या दोन बारांपैकी एक कर्जतच्या एका हौशी माणसाने नेला, तपासणी करून, बुश बदलून, मग. दुसरा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. तो २००५ ते २०११ मधल्या जुन्या स्विफ्टचा आहे, स्वस्त मिळतोय म्हणून घेतलेला. तशी गाडी कोणाकडे असेल तर कडावला जा. पण आधी तो तुमच्या टायरची हवा तपासेल.